कोंडाबाई एरोसाठी रडते

येलदरी, ता. जिंतूर
१८ जानेवारी २०२५

प्रिय अमृत,

जयभीम. तुझा ई-मेल पोचला. आजवर माजी विद्यार्थ्यांनी माझ्याकडे बरंच काही मागितलं. कुणी चारित्र्याचा दाखला, कुणी लग्नपत्रिकेसाठी श्लोक, एकानं तर रुसलेल्या सासऱ्याला पाठवायचं माफीपत्र. पण ‘माझ्या आईला रडायला लावा आणि ते रेकॉर्ड करून पाठवा’ असं लिहिणारा तू पहिलाच.

मला काय कळलं ते सांगतो, चुकलं तर दुरुस्त कर. फिनलंडातल्या ज्या बँडमध्ये तू आवाजाची यंत्रं सांभाळतोस त्याचं नाव राउतासुओ, म्हणजे लोखंडाची दलदल. ते जे वाजवतात त्याला फोक मेटल म्हणतात. म्हणजे तिकडची जुनी लोकगाणी आणि त्यांच्यावर विजेच्या गिटारींचा गडगडाट. तुमचा अकॉर्डियनवाला एरो गेल्या नोव्हेंबरात वारला. त्याची आजी मयताच्या घरी शब्द जुळवत, हेल काढून रडायची. तशी बाई आता तिकडे उरलेली नाही. तेव्हा नव्या अल्बमच्या तोंडाशी येलदरीच्या कोंडाबाईचं, म्हणजे तुझ्या आईचं, रडणं हवं. उन्हाळ्यापर्यंत ते मिळालं नाही तर अल्बम अडणार, तुझी नोकरी अडणार, आणि नोकरीला टांगलेला तिकडं राहायचा परवानाही.

सोबतचं गाणं ऐकलं. माझ्या बापानं मला हट्टानं संस्कृत शिकवलं, हे तुला ठाऊक आहे. आमच्यासारख्यांच्या कानावर ती भाषा पडली तर त्या कानात वितळलेला धातू ओतावा, असं कुणीतरी लिहून ठेवल्याचं त्यानं ऐकलं होतं, म्हणून. ती शिक्षा एवढ्या वर्षांनी, माझ्याच विद्यार्थ्याच्या हातून, अंमलात आली.

असो. तुझ्या आईकडे जाऊन आलो. तुझे वडील मेंढरं घेऊन देवगाव फाट्याकडं गेलेत. ती एकटीच एका पोरक्या कोकराला बाटलीनं दूध पाजत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं कोकराचं तोंड पदरानं पुसलं.

‘‘आवं सर, कुनी मेल्याबिगर कसं रडावं? उगं हेल काढला तर त्यो कोणाला तरी वढून नेतो.’’

‘‘मेलाय की. एरो मेलाय.’’

‘‘मंग त्येचं सांगा. कसा व्हता, काय खायचा, जीव कोणावर व्हता, राग कोणावर व्हता. नुसत्या नावावर कसं रडू? नाव तर कुत्र्याला बी असतंय.’’

तेव्हा बाबा, माणूस पाठव. नाव आलं, माणूस अजून आलेला नाही.

सिद्धोधन सर

•

टाम्पेरे
२७ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

जयभीम. तुमच्या कानांची माफी मागतो.

एरो आणि आमचा गायक यारी शाळेतले मित्र. देशाच्या पूर्वेला, सरोवराकाठच्या एका खेड्यात दोघं वाढले. त्या सरोवरांच्या तळातून पूर्वी लोक चिखल उपसून लोखंड काढायचे, त्यावरून बँडचं नाव. पहिला अल्बम त्यांनी एरोच्या मामाच्या शेडमध्ये केला. दोन गिटार, ढोल, व्हायोलिन, मांडीवर ठेवून छेडायचं कांतेले नावाचं तंतुवाद्य, आणि एरोचा अकॉर्डियन. दारूची गाणी, नाचाची गाणी. लोक चिखलात उड्या मारायचे. दुसऱ्या अल्बमच्या आधी व्हायोलिनवाली नर्सिंगला गेली. गाणी थंडीची, दुष्काळाची झाली आणि यारी घशातून गुरगुरायला लागला. तिसऱ्याच्या वेळी मी आलो. चाल संथ झाली, आवाज दाट झाला, कांतेले गेलं. चौथ्यात जवळजवळ गिटार आणि यंत्रच आहे. आता लोक म्हणतात की फोक मेटलमधलं फोक कुठं गेलं? म्हणून हा पाचवा.

एरोबद्दल. उंच, लांब बोटांचा. राय नावाच्या धान्याची काळी भाकरी आणि खारवलेला मासा खायचा. बोलायचा कमी. बायको नाही, मूल नाही. आई आहे, हेल्वी, त्याच खेड्यात राहते. बँड हेच त्याचं घर होतं. शेवटपर्यंत आमच्यासोबत होता. हृदय बंद पडून गेला. त्याचा कोणावर राग नव्हता.

सर, आईला अवघड वाटत असेल तर शब्द नकोत. नुसता ‘आ’, नुसता ‘ओ’, लांब, मध्ये थोडं थांबून, वेगवेगळ्या पट्ट्यांत म्हटला तरी चालेल. बाकीचं मी इथं जुळवून घेईन.

तुमचा,
अमृत

•

येलदरी
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय अमृत,

तुमचे चारही अल्बम ऐकले. आमच्या सौ. पंचफुलाबाईंनी दुसऱ्याच्या मध्यावर स्वयंपाकघरातून विचारलं, ‘‘अवो, कोणाला मारायलेत का?’’ मी म्हणालो, मारत नाहीत, हिवाळ्याचं वर्णन चाललंय. त्या म्हणाल्या, मग आपला उन्हाळा बरा.

पण मला पहिला अल्बम आवडला, हे लेखी देतो. त्यात माणसं एकमेकांच्या पायावर पाय देतात. व्हायोलिन घाई करतं, अकॉर्डियन त्याला सावरायला जातो आणि स्वतःच चुकतो, कांतेलेवाला कुणाचंच ऐकत नाही. आमच्या शाळेच्या गॅदरिंगसारखं. पुढे पुढे गर्दी कमी होते आणि आवाज वाढत जातो. चौथ्या अल्बमात आवाज एवढा आहे की आत कुणी राहत असेल असं वाटत नाही.

तुमचे कार्यक्रमही इंटरनेटवर पाहिले. त्यातून एक शंका निघाली. तिसऱ्या अल्बमनंतरच्या कार्यक्रमांत अकॉर्डियन ऐकू येतो, पण तो गळ्यात अडकवलेला माणूस मंचावर दिसत नाही. आणि ते नदीवरचं गाणं आहे ना, त्यात अकॉर्डियन एका वळणावर किंचित अडखळतो. दर गावात तिथंच अडखळतो, तेवढाच अडखळतो. मी आयुष्यभर पोरांकडून पाठांतर करून घेतलंय. माणूस तीच चूक पुन्हा करतो, पण तश्शीच करत नाही. तेवढा प्रामाणिकपणा यंत्राकडेच असतो. तिथं भाता कोण ओढतं?

तुझी आई तुझ्या माहितीवर खूश नाही. ‘‘राग न्हाई असा कोण मरतो सर?’’ म्हणाली. तिचं रडणं तू लहानपणी ऐकलंयस, आता तुझ्या कानाला ते नुसते सूर वाटत असतील, म्हणून आठवण देतो. तिच्या रडण्यात निम्मं कौतुक असतं आणि निम्मे टोमणे. गेल्या साली सूर्यभानची आई वारली. कोंडाबाईनं म्हातारीचे हात, म्हातारीची भाकरी, सगळं आळवलं, आणि त्याच हेलात म्हणाली, ‘लेकाच्या माडीला लय खोल्या, मायला मातर गोठा.’ सूर्यभान समोर बसलेला. गावचा पुढारी माणूस, पण मान वर केली नाही. रडणाऱ्या बाईला उत्तर द्यायचं नसतं, हा आपल्याकडचा नियम. कोर्टात जे बोलता येत नाही ते मयताच्या अंगणात बोलता येतं.

तेव्हा राग पाठव. आणि ‘आ’ आणि ‘ओ’चं मी तिला विचारलं नाही. माझीही काही इज्जत आहे.

सिद्धोधन सर

•

टाम्पेरे
३ मार्च २०२५

आदरणीय सर,

आजकाल सगळेच बँड काही वाद्यं लॅपटॉपवरून वाजवतात. तांत्रिक सोय आहे ती, दौऱ्यात माणूस कमी लागतो. त्यात विशेष काही नाही.

एरोचा खरंच कोणावर राग नव्हता. आईला सांगा की तो देवमाणूस होता, मित्रांनी त्याला खांद्यावरून नेलं, सगळे ढसाढसा रडले. एवढ्यावर होईल ना? यारी रोज विचारतोय. परवान्याचं नूतनीकरण मे महिन्यात आहे.

कृपा करून एकदा बसवा तिला.

अमृत

•

येलदरी
३० मार्च २०२५

प्रिय अमृत,

बसवलं. दुपारी शाळेतल्या रिकाम्या वर्गात खिडक्या लावून घेतल्या. पंखा बंद केला, कारण त्याचा आवाज तुमच्या गिटारींना लाजवणारा आहे. फोन बाकावर ठेवला. कोंडाबाईनं पदर डोक्यावरून तोंडावर ओढला आणि सुरू केलं. पहिल्या हेलाला माझ्या हातावर काटा आला. काळी भाकरी आली, लांब बोटं आली, मित्रांचे खांदे आले. आणि ती थांबली. पदर मागे सारून म्हणाली,

‘‘पुढं जाइना सर.’’

‘‘घसा दुखतोय का?’’

‘‘घशाला काय झालंय? ह्यो माणूसच न्हाई. कॅलेंडरातला देव हाय. देवासाठी कोण रडतंय? कुनीतरी ह्येला पुसून धुऊन पाठवलाय. माज्या पोरानंच ना?’’

झालं तेवढं पाठवतो. तुझ्या कामाचं नाही, हे मला ऐकतानाच कळलंय.

आता माझं बोलतो. मी एरोची एक जुनी मुलाखत यंत्राकडून मराठीत करवून वाचली. यंत्राचं मराठी आपल्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या परिपत्रकाइतपतच आहे, पण अर्थ लागला. त्यात तो म्हणतो, ‘भारतातून आलेल्या नव्या मुलानं माझा एकेक सूर आठवडाभर यंत्रात टिपून घेतला, फार चिकाटीचा आहे.’ मुलाखतीच्या खाली तारीख आहे. त्या तारखेनंतर तुमच्या एकाही छायाचित्रात एरो नाही. मी तुझ्यावर आरोप ठेवत नाही, ते काम माझं नाही. मी फक्त दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. तू तिसरी ठेव. राग कोणावर होता, हे तुझी आई विचारते आहे.

सिद्धोधन सर

•

टाम्पेरे
२१ मे २०२५

आदरणीय सर,

इतके दिवस पत्र लिहिलं नाही. अनेकदा लिहायला बसलो.

तुम्ही लावलात तो अर्थ बरोबर आहे. सूर टिपताना एरो हसत होता, माझ्यासाठी घरून मासे आणायचा. त्याला वाटलं हे अल्बमसाठी चाललंय. पुढच्या दौऱ्यात त्याच्याऐवजी ते सूरच लॅपटॉपवरून वाजले; गाडीत जागा नाही, एवढंच त्याला कळवलं. तो लाकडाच्या गिरणीत कामाला लागला. पीत होता. हृदय बंद पडलं हे खरं आहे, पण घरमालकानं दार उघडेपर्यंत बरेच दिवस गेले होते. तेव्हा आम्ही जर्मनीत होतो. अंत्यविधीला कोणीच गेलं नाही. त्या संध्याकाळी कार्यक्रम होता आणि नदीचं गाणं वाजलं. बटण माझ्याकडं असतं.

परवान्याची मुदत वाढलीय, यारीनं चिठ्ठी दिली म्हणून. त्या चिठ्ठीत लिहिलंय की अल्बमसाठी माझी गरज आहे.

सर, आईला यातलं काही सांगू नका. एवढी एकच विनंती.

अमृत

•

येलदरी
८ जून २०२५

प्रिय अमृत,

तुझी विनंती पत्राच्या शेवटी होती. ती सुरुवातीला लिहायला हवी होतीस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी तुझी आई आमच्याकडेच होती, पंचफुलाबाईंबरोबर शेवया करायला. तुझं पत्र आलं की मी नेहमी मोठ्यानं वाचतो, कारण तिला अक्षर येत नाही आणि तुझा आवाज मी बरा काढतो. मी वाचत गेलो. ‘आईला सांगू नका’पर्यंत पोचलो तेव्हा सांगून झालेलं होतं.

तिनं हाताचं पीठ धुतलं. अंगणात गेली, भिंतीला टेकून बसली आणि पदर ओढला. पंचफुलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन घेऊन गेलो, हे सांगायला मला बरं वाटत नाही, पण तिनंच पदराआडून ‘‘लावा’’ म्हटलं.

मी आजवर रडणं खूप ऐकलंय. आमच्या वस्तीत, तुमच्या वस्तीत, धरणात माणसं बुडाली त्या वेळी. हे निराळं होतं. तिनं आवाज चढवला नाही. शेजारच्या बाया कामं टाकून आल्या, कोण मेलं हे कोणी विचारलं नाही, येऊन तिच्याभोवती बसल्या. शब्द लिहून देतो, कारण तुझ्या यंत्राला ते ऐकू येतील, पण तुला येतील की नाही सांगता येत नाही:

एरो रं लेकरा, तुझं गाव मी बघितलं न्हाई,
तुझ्या दारचं पानी मी पिले न्हाई.
छातीवर तुझ्या भाता, भात्यात तुझा जीव,
त्यो त्यांनी येक येक करून काढून घेतला.
थंडीच्या दिसात मेंढी कातरली,
लोकर घरात ठिवली, मेंढी बर्फात हाकलली.
कातर कोणाच्या हातात व्हती?
कातर माज्या लेकाच्या हातात व्हती.
माज्या पोटच्या अमरताच्या हातात व्हती.

‘लेकाच्या’वर तिचा आवाज फुटला. पुढची ओळ तिनं फुटक्या आवाजातच पूर्ण केली.

पूर्ण रेकॉर्डिंग सोबत आहे. तू मागितलं होतंस, आम्ही पाठवलं. आणि नियम तुला आठवत असेलच. रडणाऱ्या बाईला उत्तर देता येत नाही.

सिद्धोधन सर

•

टाम्पेरे
१७ ऑगस्ट २०२५

आदरणीय सर,

आईचं रडणं इथं सगळ्यांना आवडलं. ‘आवडलं’ हा शब्द कसा वाटतो ते मला कळतं, पण दुसरा नाही. यारीनं ते डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकलं. गाण्याला सुरुवातीला काहीच साथ ठेवलेली नाही, नुसती आई. मग हळूहळू गिटार येतात. उन्हाळ्यातल्या महोत्सवांत आम्ही ते आधीच वाजवतोय. हजारो लोक गप्प उभे राहतात. बटण मीच दाबतो. ‘कातर माज्या लेकाच्या’ आलं की मी खाली वायरींकडं बघतो.

मी त्यांना सांगितलंय की अर्थ असा आहे: मित्रा, झोप, बर्फ मऊ आहे, आम्ही तुला विसरणार नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. जिथं आईचा आवाज फुटतो तिथले शब्द यारीनं माझ्याकडून देवनागरीत लिहून घेतले. मला दुसरं काही लिहायचं सुचलं नाही, हात तेच लिहून गेला. त्यानं ते मनगटाच्या वर गोंदवून घेतलंय. आता तो माईक धरतो तेव्हा ‘कातर माज्या लेकाच्या हातात व्हती’ माझ्या समोर असतं.

अल्बमच्या पुस्तिकेत इंग्रजी भाषांतर छापायचंय. तुमच्यासारखं कोण करणार? थोडं मऊ करा सर. नावं गाळली तरी चालतील. कवितेत एवढं चालतंच ना?

अमृत

•

येलदरी
५ सप्टेंबर २०२५

प्रिय अमृत,

आज शिक्षक दिन. पोरांनी गुलाब दिले आणि तू हे काम दिलंस.

भाषांतर सोबत आहे. शब्दाला शब्द, नावासकट. मऊ करता आलं नाही. तूच कधीतरी माझ्याकडं शिकायचास तेव्हा एका श्लोकाचा अर्थ गुळगुळीत करून आणला होतास, आणि मी तो वहीत तुझ्यासमोर खोडला होता. आता तू मोठा आहेस, हे तूच खोडू शकतोस. छापायचं की नाही, दाखवायचं की नाही, ते तुझं तू बघ. मी फक्त खोटं लिहिणार नाही, एवढीच माझी ताकद.

गोंदवण्याची गोष्ट तुझ्या आईला सांगितली. ती हसेल असं वाटलं होतं. ‘‘त्येला दुखलं असंल की,’’ एवढंच म्हणाली.

मग तिनं विचारलं, ‘‘त्येच्या मायनं ऐकलं का?’’

मी म्हटलं, माहीत नाही. माहीत होतं खरं तर. तू लिहिलं नाहीस म्हणजे ऐकवलं नाहीस.

‘‘मंग माजं रडणं वाटंतच पडलंय सर. मयताच्या घरी पोचल्याबिगर रडणं व्हतंय का? लोकाला कामून ऐकवायलाय त्यो? आदी मायला नेऊन दे म्हनावं. सोता नेऊन दे. फोनवर न्हाई.’’

तिचा निरोप जसाच्या तसा दिला. तुझे वडील राणीसावरगावच्या बाजूला आहेत, मेंढरांत रोग आलाय, बरीच गेली. ती एवढ्यातच सगळं आवरून त्यांच्याकडं निघेल. तोवर रोज शाळेच्या फाटकाशी येऊन विचारून जाते, पोरानं नेऊन दिलं का म्हणून. काय सांगू ते कळव.

सिद्धोधन सर

•

योएन्सूच्या पुढच्या एका खेड्यातून
१६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,

आईला सांगा, नेऊन दिलं.

आधीचं आधी लिहितो. तुमचं भाषांतर मी तालमीच्या खोलीत सगळ्यांसमोर वाचलं. यारीनं बाही वर करून गोंदवलेलं पाहिलं, मग बाही खाली केली. तो म्हणाला, हे तर जास्त चांगलं आहे, हे खरं आहे. असंच छापू. फक्त तू मंचावर नको. लोक गाणं सोडून तुझ्याकडं बघतील.

माझ्या जागी आता एक मुलगी आहे. एका दुपारी मी तिला सगळं समजावून दिलं. कोणतं बटण एरोचं, कोणतं आईचं. हुशार आहे, लगेच शिकली. अल्बम आला, चांगला खपतोय. समीक्षक म्हणतात, राउतासुओ मुळांकडं परतला. परवाना वसंतापर्यंत आहे. पुढचं ठरलेलं नाही.

काल एरोच्या आईकडं, हेल्वीबाईंकडं आलो. लहानसं लाकडी घर, समोर सरोवर, कडेनं बर्फ धरायला लागलंय. मी कोण ते सांगितलं. त्यांनी आत घेतलं, कॉफी ठेवली. मी आईचं रडणं लावलं, गिटारीशिवाय, तुमच्या अंगणातलं, शेजारणींच्या बांगड्यांसकट. त्या टेबलावर हात ठेवून ऐकत राहिल्या. आवाज फुटतो तिथं त्यांनी बोट वर केलं. मी थांबवलं.

‘‘ही बाई कोणाला बोलते आहे?’’

त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही सर. मी म्हणालो, ‘‘मला.’’

‘‘कोण आहे ती तुझी?’’

‘‘आई.’’

त्यांनी मान हलवली आणि पुढं लावायला सांगितलं. शेवटपर्यंत ऐकलं. बाहेर अंधारायला लागलं होतं, इथं या दिवसांत दुपारीच अंधारतं.

मग म्हणाल्या, ‘‘माझा मुलगा तुझ्याकडं आहे ना? तो लाव.’’

मी लॅपटॉपवर मूळ फायली उघडल्या, टिपल्या तशाच, न कापलेल्या. कार्यक्रमात वाजतात त्या सुरांचं सुरुवातीचं टोक आम्ही थोडं छाटलेलं असतं. कारण दर सुराआधी भाता ओढताना एरो श्वास घ्यायचा आणि तो माईकमध्ये यायचा. तो मीच काढून टाकला होता. मूळ फायलींत अजून आहे. पहिला सूर लावला. त्यांनी हात आडवा केला.

‘‘हे नको. याच्या आधीचं आहे ना, तेवढंच लाव.’’

मी बसून सगळे सूर काढले आणि श्वास तेवढे एकापुढं एक ठेवले. लावले. खोलीत कोणीतरी झोपलंय असं वाटायला लागलं. शेवटचा झाला की पुन्हा पहिला सुरू होत होता. त्या डोळे उघडे ठेवून ऐकत होत्या. कॉफी तशीच गार झाली. बऱ्याच वेळानं मी विचारलं, बंद करू का?

त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘तू जा आता. तो झोपलाय.’’

मी लॅपटॉप तिथंच ठेवला, चार्जर भिंतीत लावून दिला, बूट हातात घेतले आणि आवाज न करता बाहेर आलो.

अमृत